वाळूजची गर्दी, समृद्धीचा वेग आणि हायब्रिड मोटार

महाराष्ट्र शासन आणि टोयोटा किर्लोस्कर मोटर यांच्यात ३१ जुलै २०२४ रोजी झालेल्या सामंजस्य करारात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सुमारे २० हजार कोटी रुपये गुंतवून, वर्षाला ४ लाख वाहने तयार करू शकेल असा कारखाना उभारण्याचे जाहीर झाले आणि या कारखान्यात विजेवर चालणाऱ्या मोटारींबरोबर हायब्रिड मोटारीही तयार होतील, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्यासाठी निवडलेले बिडकीन हे पैठण तालुक्यातील औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. वाहननिर्मिती या जिल्ह्याला नवी नाही. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ पासून चालू आहे आणि स्कोडाच्या मोटारींची जुळणी शेंद्रा येथे २००१ पासून होत आली आहे. ज्या वाळूजच्या नावाने इथली औद्योगिक वसाहत देशभर ओळखली जाते, ते गाव गंगापूर तालुक्यात मोडते. तरीही या तालुक्यातील शिक्षक, व्यापारी, बागायतदार किंवा वसाहतीतील कामगार जेव्हा नवी मोटार घेण्याचा विचार करतो, तेव्हा पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि वीज यांच्यातला फरक त्याला स्वच्छ सांगता येतो, पण हायब्रिड म्हणजे नेमके काय, ती कोणाला परवडते आणि कोणाला परवडत नाही, याचे उत्तर त्याला शोरूममधल्या जाहिरातीपलीकडे सहसा मिळत नाही.

एकाच गाडीत पेट्रोलचे किंवा डिझेलचे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन प्रेरक यंत्रांची सोय असेल आणि गाडीची चाके प्रसंगानुसार यापैकी एकाच्या किंवा दोन्हींच्या बळावर फिरत असतील, तर तिला हायब्रिड म्हणतात. मात्र या एका नावाखाली तीन वेगळे प्रकार विकले जातात आणि ग्राहकाची फसगत बहुधा इथेच होते. पहिल्या, सौम्य हायब्रिड प्रकारात बॅटरी चार्ज करणाऱ्या नेहमीच्या डायनामोच्या जागी थोडे अधिक ताकदीचे यंत्र बसवलेले असते, जे सिग्नलला बंद पडलेले इंजिन झटकन सुरू करते आणि वेग घेताना इंजिनाला किंचित हातभार लावते. पण केवळ विजेवर गाडी पुढे नेण्याची ताकद त्यात नसते. दुसऱ्या, पूर्ण हायब्रिड प्रकारात, ज्याला विक्रेते ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हणतात, विजेची मोटर एकटी गाडी चालवू शकते आणि तिच्या बॅटरीला लागणारी वीज गाडी स्वतःच तयार करते. तिसरा प्लग-इन प्रकार घरच्या विजेवर चार्ज होतो, त्याची बॅटरी बरीच मोठी असते, आणि सामान्य भारतीय ग्राहकाच्या आवाक्यात तो अजून आलेला नाही. मारुती सुझुकीने २०१५ मध्ये सियाझच्या डिझेल मोटारीत जी हायब्रिड प्रणाली दिली, ती पहिल्या प्रकारची होती आणि ‘स्मार्ट हायब्रिड’ अशी अक्षरे मिरवणाऱ्या तिच्या पुढच्या अनेक गाड्याही त्याच प्रकारात मोडतात. त्या गाड्या वाईट नाहीत, परंतु पुढे ज्या बचतीचा विचार केला आहे ती बचत त्यांच्याकडून अपेक्षू नये. या लेखात यापुढे हायब्रिड हा शब्द दुसऱ्या, म्हणजे पूर्ण हायब्रिड प्रकारापुरताच वापरला आहे.

हायब्रिडच्या बचतीचा उगम ब्रेकमध्ये आहे. पेट्रोल जाळून गाडीला दिलेला वेग हा ऊर्जेचाच साठा असतो आणि साध्या गाडीत ब्रेक दाबताच त्या साठ्याचे घर्षणातून उष्णतेत रूपांतर होऊन तो हवेत विरून जातो. तेराशे किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्या गतीत सुमारे १८० किलोज्यूल, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ०.०५ युनिट ऊर्जा असते. ही ऊर्जा अल्प वाटते, पण गर्दीच्या रस्त्यावर अर्ध्या तासात पंचवीस-तीस वेळा थांबावे लागले तर प्रत्येक वेळी ती नव्याने निर्माण करावी लागते आणि प्रत्येक वेळी ती वाया जाते. हायब्रिड गाडीत चालकाने पाय उचलला किंवा ब्रेकवर हलका दाब दिला, की तीच विजेची मोटर उलट भूमिकेत जाऊन जनित्र बनते, चाकांच्या फिरण्यातून वीज निर्माण करते, त्या विरोधामुळे गाडीचा वेग कमी होतो आणि निर्माण झालेली वीज बॅटरीत साठते. सगळीच ऊर्जा अशी परत येत नाही, काही भाग वाटेत गळतोच. पण जी येते ती पुढच्या वेळी गाडी जागेवरून हलवण्यासाठी वापरली जाते, आणि जागेवरून हलण्याच्या या कामातच पेट्रोल इंजिन सर्वांत उधळे असते. मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर या जोडगाड्यांच्या हायब्रिड आवृत्तीतील बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची आहे, तर पूर्ण विजेवर चालणाऱ्या मध्यम आकाराच्या मोटारीत ती तिच्या कितीतरी पट मोठी असते. हायब्रिडची बॅटरी लहान का पुरते, हे वरच्या हिशोबावरून ध्यानात येते: तिला लांबचा पल्ला गाठायचा नसून एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंतचा व्यवहार सांभाळायचा असतो.

दुसरी बचत इंजिनाच्या आत होते. जेम्स अॅटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८२ मध्ये अशा इंजिनाचे पेटंट घेतले होते, ज्यात जळलेल्या वायूला प्रसरण पावण्यासाठी आत घेतलेल्या मिश्रणाच्या दाबणीपेक्षा अधिक वाव मिळतो, त्यामुळे इंधनातून अधिक काम निघते. आजच्या इंजिनात हाच परिणाम साधण्यासाठी आत येणाऱ्या हवेची झडप थोडी उशिरा बंद करतात. या रचनेचा तोटा असा की कमी वेगात इंजिनाचा जोर घटतो, आणि निव्वळ पेट्रोलच्या गाडीत असे इंजिन बसवले तर चढावर व ओव्हरटेक करताना चालक हैराण होईल. हायब्रिडमध्ये नेमकी ही उणीव विजेची मोटर भरून काढते, कारण मोटरचा जोर पहिल्या क्षणापासूनच पूर्ण मिळतो. ग्रँड विटाराचे तीन सिलिंडरचे दीड लिटरचे इंजिन एकटे सुमारे ९२ अश्वशक्ती देते आणि मोटरच्या साथीने ती शक्ती सुमारे ११५ पर्यंत जाते. अशा रीतीने मोटर असल्यामुळे इंजिनाला काटकसरी होण्याची मोकळीक मिळते, आणि हायब्रिडचे खरे कौशल्य या परस्परपूरकतेत आहे.

या दोन यंत्रांची सांगड घालण्याच्या पद्धती कंपनीनुसार बदलतात. टोयोटाच्या पद्धतीत, जी मारुतीनेही स्वीकारली आहे, मधल्या दंतचक्राभोवती इतर दंतचक्रे ग्रहांप्रमाणे फिरतात अशा गिअरसंचाद्वारे इंजिनाची शक्ती दोन वाटांनी विभागली जाते. एक वाट थेट चाकांकडे जाते आणि दुसरी जनित्राकडे. होंडाच्या पद्धतीत गावातल्या वेगात इंजिन बहुतेक वेळ फक्त जनित्र फिरवते आणि चाके मोटरच फिरवते, तर महामार्गाच्या वेगाला क्लच जुळून इंजिन थेट चाकांशी जोडले जाते. चालकाला यातले काहीच करावे लागत नाही. गिअर टाकायचा नाही, क्लच दाबायचा नाही. सुरू करण्याचे बटण दाबल्यावर इंजिनाचा आवाजही बहुधा येत नाही, आणि ही शांतता पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला गाडी चालू झाली की नाही असा प्रश्न पडतो.

इंजिन आणि वीज यांना एकत्र आणण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी म्हणता येईल. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास अशी गाडी बनवून दाखवली होती. ती सर्वसामान्यांपर्यंत आणली ती मात्र ताकेशी उचियामादा यांच्या नेतृत्वाखाली टोयोटाने तयार केलेल्या आणि डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या प्रियसने. भारतात २००८ मध्ये होंडाची सिव्हिक हायब्रिड आणि २०१० मध्ये प्रियस आली, परंतु आयात करामुळे त्यांच्या किमती इतक्या चढ्या होत्या की त्या रस्त्यावर क्वचितच दिसल्या. २०१३ पासून टोयोटाने कॅमरी हायब्रिडची जुळणी कर्नाटकातील बिडदी येथे सुरू केली, तीही श्रीमंतांचीच गाडी राहिली. मध्यमवर्गाच्या दृष्टीने खरी सुरुवात २०२२ मध्ये झाली. त्या वर्षी मे महिन्यात होंडा सिटीची ई-एचईव्ही आवृत्ती, सप्टेंबरात हायरायडर आणि ग्रँड विटारा, आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस अशा गाड्या एकापाठोपाठ बाजारात आल्या. यातील शेवटच्या गाडीचे महत्त्व मराठवाड्यात विशेष आहे, कारण साखर कारखान्याच्या संचालकापासून जिल्हा परिषदेच्या सदस्यापर्यंत सर्वांनी सुमारे सतरा वर्षे इनोव्हा म्हणजे दणकट डिझेल गाडी असेच समीकरण मनात पक्के केले होते आणि हायक्रॉसने मात्र डिझेल पूर्णपणे बाजूला ठेवले. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण निकषांमुळे लहान डिझेल इंजिने महाग पडू लागली आणि मारुतीने ती बंदच केली; डिझेलने मोकळी केलेली जागा एकीकडे सीएनजी आणि दुसरीकडे हायब्रिड भरून काढत आहे.

हायब्रिडचा लाभ किती होईल, हे गाडीइतकेच रस्त्यावर अवलंबून आहे, आणि या दृष्टीने गंगापूर तालुका अभ्यासाला उत्तम आहे, कारण परस्परविरुद्ध स्वभावाचे दोन रस्ते त्याच्या वाट्याला आले आहेत. छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग नगर नाका, वाळूजजवळचे पंढरपूर, बजाजनगर आणि वाळूज अशी औद्योगिक दाटी ओलांडून पुढे कायगाव येथे गोदावरीच्या पुलापर्यंत याच तालुक्यातून जातो. पाळी सुटण्याच्या आणि भरण्याच्या वेळी या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या, दुचाकी, मालवाहू ट्रक आणि रिक्षा यांची अशी कोंडी होते की गाडी चालवण्यापेक्षा ती पुढे सरकवणेच अधिक घडते. गाळप हंगामात उसाने भरलेल्या दुहेरी ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर समोर आले की तालुक्यातील आतल्या रस्त्यांवरही हीच गत होते. अशा ठिकाणी साध्या गाडीचे इंजिन उभ्या उभ्या पेट्रोल जाळत राहते, तर हायब्रिडचे इंजिन बंद असते आणि तिचा वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसरही विजेवर चालत असल्याने मे महिन्याच्या उन्हात गार हवा चालू राहते; बॅटरी उतरू लागली की इंजिन काही वेळ आपोआप सुरू होऊन ती पुन्हा भरून घेते.

समृद्धी महामार्गाची कहाणी याच्या अगदी उलट आहे. ७०१ किलोमीटर लांबीचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाल्यावर पूर्ण झाला आणि वैजापूर, गंगापूर, छत्रपती संभाजीनगर या तालुक्यांतून तो जातो. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ८० वरून १२० वर गेल्यास तो सव्वादोन पट होतो, आणि हवा ढकलण्यात खर्ची पडलेली ऊर्जा कोणतीही मोटर परत मिळवू शकत नाही. ब्रेक दाबण्याचे प्रसंगही तेथे कमी, त्यामुळे परत मिळवण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून ज्याचा बहुतांश प्रवास समृद्धीवरून मुंबई किंवा नागपूरकडे होतो, त्याला हायब्रिडचा लाभ बराच कमी मिळेल, आणि ज्याला रोज गंगापूरहून वाळूज किंवा छत्रपती संभाजीनगरच्या छावणीपर्यंत जाऊन परतायचे आहे, त्याला तो पुरेपूर मिळेल. पिढ्यान्‌पिढ्या ‘लाँगवर अ‍ॅव्हरेज चांगले पडते’ असे ऐकत आलेल्या चालकाला हे उफराटे वाटेल, पण हायब्रिडच्या बाबतीत ते खरे आहे.

जाहिरातीतील आकडे याच अर्थाने वाचावेत. भारतात मान्य असलेल्या चाचणीत ग्रँड विटारा हायब्रिडला लिटरमागे २७.९७ किलोमीटर, सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या मारुती व्हिक्टोरिसच्या हायब्रिड आवृत्तीला २८.६५ आणि सात-आठ आसनी हायक्रॉसला २३.२४ किलोमीटर असे आकडे मिळाले आहेत. ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक वेगक्रमाने होते; तिथे कायगावचा घाम फोडणारा दुपारचा वारा नसतो की पाच माणसे आणि लग्नाचे सामानही नसते. त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी येणार हे धरूनच हिशोब मांडला पाहिजे.

तो हिशोब उदाहरणादाखल असा मांडता येईल. एखाद्याची गाडी वर्षाला १५ हजार किलोमीटर धावते, साधी पेट्रोल गाडी त्याला लिटरमागे १५ किलोमीटर आणि हायब्रिड २२ किलोमीटर देते, आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये आहे असे समजू. साध्या गाडीला १ हजार लिटर लागतील, हायब्रिडला सुमारे ६८२. म्हणजे वर्षाला ३१८ लिटर, किंवा साधारण ३३ हजार रुपये वाचतील. दोन्ही गाड्यांच्या किमतीत ३ लाखांचा फरक धरला, तर तो भरून यायला नऊ वर्षे लागतात, आणि कर्जावरील व्याज धरले तर त्याहूनही अधिक. तेच वार्षिक अंतर ३० हजार किलोमीटर असेल, तर साडेचार वर्षांत फरक वसूल होतो आणि बॅटरीवरील ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी संपण्यापूर्वी बचत हाती पडू लागते. यावरून निघणारा निष्कर्ष कठोर आहे, पण तो सांगितलाच पाहिजे: आठवड्यातून एकदा बाजाराला आणि महिन्यातून एकदा पाहुण्यांकडे जाणाऱ्या कुटुंबाने केवळ इंधन वाचावे म्हणून हायब्रिड घेऊ नये. त्याला सीएनजी स्वस्त पडेल, जरी त्यात टाकी डिकीची जागा खाते आणि पंपावर रांग लावावी लागते. घरी चार्जिंगची सोय, छपराखाली उभी राहणारी गाडी आणि ठरलेले रोजचे अंतर असेल, तर पूर्ण विजेची गाडी प्रति किलोमीटर खर्चात दोघींनाही मागे टाकते. हायब्रिड ही त्या चालकाची गाडी आहे, ज्याचे रोजचे धावणे भरपूर आहे, रस्ता गर्दीचा आहे, आणि चार्जिंगची खात्री नसताना अचानक दूरच्या गावी निघण्याची वेळ ज्याच्यावर येऊ शकते.

किमतीतला हा फरक यंत्रामुळे जितका आहे तितकाच करामुळेही आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वी हायब्रिड मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत होती. नव्या करात मात्र त्यांच्यावर २८ टक्के कर आणि १५ टक्के उपकर मिळून ४३ टक्के भार पडला. मध्यम आकाराच्या साध्या पेट्रोल गाड्यांवर ४५ आणि मोठ्या एसयूव्हींवर ५० टक्के भार असल्यामुळे हायब्रिडला थोडा दिलासा उरला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर रद्द होऊन चार मीटरपेक्षा लांब अशा इंधनावर चालणाऱ्या सर्व मोटारी, हायब्रिड असोत वा नसोत, ४० टक्क्यांच्या एकाच पायरीवर आल्या. किमती उतरल्या हे खरे, पण इंधन वाचवणाऱ्या यंत्राला मिळणारा करातला फायदा त्याबरोबर नाहीसा झाला, तर विजेच्या मोटारींवरील कर ५ टक्केच राहिला. महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी भरावा लागणारा एकरकमी कर पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के आहे आणि हायब्रिडला त्यात वेगळी वागणूक नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिडचा नोंदणी कर पूर्ण माफ केला होता. विजेच्या गाड्यांना समृद्धीसारख्या मार्गांवर टोलमाफी जाहीर करणाऱ्या राज्याने बिडकीनमध्ये हायब्रिड बनवण्याचे स्वागत करावे आणि त्या विकत घेणाऱ्याकडे मात्र साध्या पेट्रोल गाडीवाल्याप्रमाणेच पाहावे, हे सुसंगत नाही. विजेच्या मोटारीला दिलेल्या सवलतीइतकी सवलत हायब्रिडला देणे योग्य ठरणार नाही, कारण ती शेवटी पेट्रोलच जाळते; परंतु कमी जाळण्याचे काही मोल करात दिसायला हवे. केंद्राच्या इंधनक्षमता नियमांत ते आधीच दिसते, कारण कंपनीची सरासरी काढताना एक पूर्ण हायब्रिड मोटार दोन मोटारींच्या बरोबरीची मोजली जाते. तो लाभ कंपनीला मिळतो, ग्राहकाला नाही. चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडवर आता १८ टक्केच कर आहे; या आकाराची स्वस्त पूर्ण हायब्रिड गाडी जेव्हा बाजारात रुळेल, तेव्हाच हे तंत्र खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांचे होईल.

ऊस पिकवणाऱ्या तालुक्यात इथेनॉलचा विचार टाळून चालणार नाही. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, आणि लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असल्यामुळे प्रत्येक गाडीचे अ‍ॅव्हरेज त्या प्रमाणात थोडे घटते. हायब्रिड रचना ही घट भरून काढू शकते, आणि म्हणूनच ब्राझीलमध्ये इथेनॉल आणि हायब्रिड यांची जोडी जमली. २९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी दिल्लीत अनावरण केलेल्या इनोव्हा हायक्रॉसच्या नमुना गाडीत इथेनॉलच्या अधिक प्रमाणावर चालणारे इंजिन आणि विजेची मोटर एकत्र होती. आज बाजारात असलेल्या हायब्रिड गाडीत मात्र कंपनीने मान्य केलेल्यापेक्षा अधिक इथेनॉलचे मिश्रण घालू नये.

देखभालीच्या बाबतीत लोकांच्या मनात जी भीती आहे, तिचा काही भाग निराधार आहे आणि काही भाग योग्य. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागेल ही भीती निराधार आहे. संगणक ती पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण उतरूही देत नाही, मधल्याच पट्ट्यात वापरतो, त्यामुळे ती दीर्घकाळ टिकते. वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करत असल्याने ब्रेकचे पॅडही उशिरा झिजतात. मराठवाड्यात खरी काळजी घ्यायची ती धुळीची. बहुतेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी मागच्या आसनाजवळ किंवा डिकीखाली असते, ती थंड ठेवण्यासाठी गाडीच्या आतलीच हवा जाळीतून खेचली जाते, आणि त्या जाळीवर पिशव्या ठेवल्या किंवा तिचे फिल्टर शेतरस्त्याच्या धुळीने बुजले, तर उन्हाळ्यात बॅटरी तापते व तिचे आयुष्य घटते. प्रत्येक सर्व्हिसिंगला हे फिल्टर साफ करून घेण्याचा आग्रह मालकाने धरावा. दुसरी गोष्ट अशी की मोठ्या बॅटरीखेरीज या गाड्यांत नेहमीची १२ व्होल्टची बॅटरीही असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. म्हणून महिनोन्‌महिने गाडी अंगणात उभी ठेवू नये. पेट्रोलची टाकी पूर्ण कोरडी होऊ देणेही घातक आहे, कारण मग सगळा भार लहानग्या बॅटरीवर येतो.

योग्य भीती आहे ती दुरुस्तीची. नारंगी रंगाच्या तारांतून शंभराहून अधिक व्होल्टचा दाब वाहतो, आणि प्रशिक्षण नसलेल्या हाताने त्या उघडणे जिवावर बेतू शकते. गंगापूर, लासूर स्टेशन किंवा वैजापूरच्या गॅरेजमधील मेकॅनिक कुशल आहेत, पण त्यांचे कौशल्य डिझेल पंप आणि गिअरबॉक्सवर घडलेले आहे, आणि त्यांना हे नवे शिक्षण देण्याची जबाबदारी कोणीतरी उचलली पाहिजे. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी उच्च दाबाच्या वाहन-विजेचा अभ्यासक्रम कारखान्यातील नोकरीपुरता न ठेवता गॅरेज चालवणाऱ्यांसाठीही संध्याकाळच्या वेळी खुला केला, तर त्याचा लाभ विजेच्या रिक्षापासून मोटारीपर्यंत सर्वांना होईल. तोपर्यंत हायब्रिडच्या मालकाला प्रत्येक मोठ्या कामासाठी शहरातील अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठावे लागेल आणि हा खर्च व वेळ त्याने आधीच हिशोबात धरावा.

वाळूजच्या कामगाराच्या दृष्टीने हायब्रिडला आणखी एक अर्थ आहे. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक यांसारख्या कंपन्या इथेच वाढल्या, आणि त्यांच्याभोवती इंजिनाचे ओतीव भाग, झडपा, ब्रेक, दिवे, वायरिंग बनवणाऱ्या शेकडो लहान कार्यशाळा उभ्या राहिल्या. पूर्ण विजेच्या मोटारीत इंजिन नसल्याने यातील अनेक भागांची मागणीच संपते. हायब्रिडमध्ये इंजिन राहते आणि त्याच्या जोडीला मोटर, नियंत्रक आणि बॅटरीचे आवरण अशी नवी कामे येतात, त्यामुळे एका यंत्राकडून दुसऱ्याकडे वळायला या कार्यशाळांना काही वर्षांची उसंत मिळते. ही उसंत कायमची नाही, आणि ती शिकण्यात घालवली तरच उपयोगाची. या संदर्भात टोयोटाच्या भारतीय भागीदाराचे नाव लक्षात घेण्यासारखे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगराचा कारखाना चालवला. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी १९९७ मध्ये टोयोटाबरोबर मोटार कंपनी उभी केली, आणि २५ नोव्हेंबर २०२२ रोजी हायक्रॉसचे अनावरण झाल्यानंतर चारच दिवसांनी त्यांचे निधन झाले. आजवर बिडदीत केंद्रित असलेले हे काम मराठवाड्यात येताना आयटीआयच्या वर्गापासून लहान पुरवठादारापर्यंत तयारी किती झाली आहे, यावर स्थानिकांच्या वाट्याला केवळ जुळणीची कामे येतील की रचना आणि चाचणीचीही, हे ठरणार आहे.

ज्यांना ही गाडी घ्यायचीच आहे, त्यांनी शोरूममध्ये तीन प्रश्न आवर्जून विचारावेत: गाडी निव्वळ विजेवर जागेवरून हलते का, बॅटरीची हमी दुसऱ्या मालकाकडे जाते का, आणि डिकीत किती जागा उरते. नंतर गाडी चालवून पाहण्यासाठी विक्रेत्याने सुचवलेला मोकळा रस्ता न घेता, सकाळची पाळी भरण्याच्या वेळी पंढरपूर ते वाळूज हे अंतर जाऊन-येऊन चालवावे, एकदा समृद्धीवर न्यावी, आणि दोन्ही ठिकाणी पडद्यावर दिसलेले अ‍ॅव्हरेज कागदावर लिहून घेऊन मगच आगाऊ रक्कम भरावी.